दोन प्रोसेसर आणि नवमी-दशमीचं पाणी

दोन प्रोसेसरमधला चांगला कोणता, असं कोणी विचारलं की माझं डोकं सणकतं. विचारणाऱ्याचा काही दोष नसतो. त्याला पतपेढीत नवा सर्व्हर बसवायचा असतो किंवा भाच्याला कॉम्प्युटर घ्यायचा असतो, आणि मी या धंद्यातली म्हणून तो मला लग्नाच्या पंगतीत गाठतो. मी विचारते, काम काय करायचंय त्यावर? तो म्हणतो, काम नेहमीचंच, पण मशीन दणदणीत पाहिजे. नेहमीचं म्हणजे कुठल्या दिवसाचं, असं मी विचारते आणि माझा आवाज चढतो. समोरचा जिलबी हातात धरून माझ्याकडे बघत राहतो. बाई तापट आहे असं लोक म्हणतात, ते खरंच आहे. पण हा ताप आला कुठून, ते मी आजवर कोणाला धड सांगितलेलं नाही.

मी खारेपाटातली. अलिबाग आणि पेणच्या मधला हा सखल पट्टा. खाडीचं खारं पाणी मातीच्या बांधानं बाहेर अडवायचं आणि आतल्या जमिनीत भात घ्यायचं, ही आमची शेती. बांधाला एका जागी उघाडी असते, म्हणजे लाकडी फळ्यांचं दार. ओहोटीला फळ्या काढून शेतातलं पावसाचं पाणी खाडीत सोडतात आणि भरतीला फळ्या घालून खाडीला बाहेर ठेवतात. आमच्या बांधाची उघाडी माझा मोठा भाऊ सांभाळतो, त्याच्याआधी आमचे वडील सांभाळायचे. बांध फुटला की आम्ही म्हणतो खांड गेली. खांड गेली की उभं पीक तर जातंच, पण जमिनीत मुरलेलं मीठ धुऊन निघेपर्यंत पुढचे दोन-तीन पावसाळेही हातचे जातात.

मी मात्र बांधावर राहिले नाही. नवी मुंबईतल्या एका मोठ्या सर्व्हरघरात मी बारा वर्षं नोकरी केली, गारठलेल्या खोल्यांमध्ये स्वेटर घालून. मग किहीमला एक छोटी संस्था निघाली आणि तिला सर्व्हर सांभाळणारं माणूस हवं होतं, म्हणून मी परत आले. संस्थेचं काम एकच. आज दुपारच्या भरतीला खाडीचं पाणी कुठल्या गावाच्या बांधावर किती चढेल, ते सकाळी कॉम्प्युटरवर हिशेब करून काढायचं आणि त्या त्या गावाला फोनवर मेसेज पाठवायचा. भरतीची वेळ आमच्याकडे तिथीवरून कोणीही सांगेल. पण वारा कुठून सुटलाय, घाटात पाऊस किती झाला, नदीतून पाणी किती खाली येतंय, हे सगळं एकत्र होऊन पाणी बांधाखाली राहील की बांधावरून जाईल, ते तिथीवरून कळत नाही. त्यासाठी मोठं गणित लागतं आणि गणिताला तसंच मशीन लागतं.

वेळेचा मामला असा होता. वाऱ्यापावसाची माहिती आमच्याकडे पहाटे साडेपाचला यायची. उधाणाची, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती, आमच्या किनाऱ्यावर दुपारी साडेबाराच्या सुमाराला लागते. चिखलाच्या गोणी रचून बांध उंच करायचा तर माणसांना चार तास तरी हवेत. म्हणजे मेसेज सकाळी आठच्या आत गावात पोचला तर त्याचा उपयोग. आमचा जुना सर्व्हर एरवी दीड तासात गणित उरकायचा, पण उधाणाच्या दिवशी त्याला साडेचार तास लागायचे. साडेपाचात साडेचार मिळवा. दहा वाजता मेसेज गेल्यावर माणसं गोणी घेऊन धावायची तोवर पाणी पायाशी आलेलं असायचं. म्हणून नवा सर्व्हर घ्यायचा ठरला.

संस्थेचं ऑफिस म्हणजे नारळाच्या वाडीतलं भाड्याचं कॉटेज. आजूबाजूच्या कॉटेजांत शनिवार-रविवारी मुंबईची माणसं येऊन मासे खातात. आमच्या कॉटेजाच्या स्वयंपाकघरात सर्व्हर ठेवलेला होता, कारण तिथे एसी बसवता आला आणि खिडकी एकच असल्यानं खारी हवा कमी शिरायची. ओटा, सिंक, वरचं डब्यांचं फडताळ, सगळं तसंच होतं. त्या ओट्यापाशी उभं राहून वाशीच्या विक्रेत्यानं मला दोन प्रोसेसरांची रंगीत पत्रकं दाखवली.

पहिल्या प्रोसेसरमध्ये शहाण्णव कोर होते. कोर म्हणजे गणित करणारा एकेक हात समजा. हात शहाण्णव, पण एकेका हाताचा वेग बेताचा. दुसऱ्यात कोर बत्तीसच, पण प्रत्येक चपळ. पहिल्याची किंमत दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट. पत्रकात उभ्या पट्ट्या काढलेल्या होत्या आणि शहाण्णववाल्याची पट्टी प्रत्येक चित्रात कागदाच्या वरच्या कडेला टेकलेली. ही पट्टी कुठल्या कामाची आहे, मी विचारलं. विक्रेता म्हणाला, "मॅडम, ये इंटरनॅशनल टेस्ट है. डोळे झाकून घ्या, व्हॅल्यू फॉर मनी आहे." डोळे झाकून घ्यायचं तर पट्ट्या कशाला दाखवतोस बाबा, असं मी त्याला तोंडावर म्हणाले. तो हसला. या लोकांना राग येत नाही, हीच त्यांची सगळ्यात वाईट खोड.

त्या पत्रकाचा मला आजही संताप येतो. कोणीतरी कुठल्यातरी थंड देशात कुठलंतरी गणित सोडवून पाहिलं, त्याची पट्टी काढली, आणि ती पट्टी आमच्या खाडीच्या चिखलालाही लागू आहे असं हा माणूस बेधडक सांगत होता. त्याहून संताप आमच्या मोठ्या साहेबांचा यायचा. साहेब संस्थेचे प्रमुख, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, स्वभावानं सज्जन. पण त्यांना आकडा दिसला की तो मोठा आहे की लहान एवढंच कळायचं. शहाण्णव ऐकल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "बत्तीस कुठे आणि शहाण्णव कुठे मॅडम. घ्यायचंच तर असं घेऊ की पाहुण्यांना दाखवता येईल."

पाहुण्यांना! माझ्या भावाच्या उघाडीवर पाणी चढतंय आणि हे पाहुण्यांना दाखवायला प्रोसेसर घेणार. मी त्यांना बांधाचंच उदाहरण दिलं. चार हात रुंदीची खांड बुजवायला शहाण्णव माणसं उभी केली तर ती एकमेकांच्या पायात येतात, गोणी कमी आणि आरडाओरडा जास्त होतो. तिथे बत्तीस चलाख माणसं लवकर काम उरकतात. साहेबांना उदाहरण आवडलं, पण पटलं नाही. तेव्हा मी हट्टच धरला की पत्रकं बाजूला ठेवा, दोन्ही मशीनं दोन दिवस इथे आणा, आणि आपल्या खाडीच्या आपल्या पाण्यावर दोघांना पळवून बघा. विक्रेता आढेवेढे घेत कबूल झाला. मशीनं कधी आणू, त्यानं फोनवर विचारलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नजर टाकली आणि म्हणाले, "नवमी-दशमीला आण."

असं का म्हणाले, ते सांगायला हवं. अष्टमीनंतरचे दोन-तीन दिवस खाडीला जोर नसतो. भरती लहान, ओहोटीही लहान. त्या दिवसांना आमच्याकडे भांग म्हणतात. आणि आमच्याकडे हाताचं कुठलंही काम भांगातच काढतात. बांधाची डागडुजी भांगात करायची, उघाडीच्या फळ्या भांगात बदलायच्या. मुलगी बघायला जायचं तरी भांग बघून, कारण उधाणात घरातले पुरुष बांध सोडून हलत नाहीत. माझ्या लग्नाची बोलणीसुद्धा एका दशमीला झाली होती. उधाणात काम काढणारा आमच्याकडे वेडा ठरतो. त्यामुळे विक्रेत्यानं विचारल्याबरोबर माझ्या तोंडून नवमी-दशमी निघालं. त्यात विचार करायची वेळच आली नाही.

वैशाखातली नवमी होती. स्वयंपाकघराच्या ओट्यावर दोन्ही मशीनं शेजारी शेजारी ठेवली, पंख्यांचा एवढा आवाज की बोलायला अंगणात जावं लागत होतं. त्या दिवसाचं खाडीचं पाणी दोघांना दिलं. बत्तीसवाल्यानं चाळीस मिनिटांत गणित सोडवलं. शहाण्णववाल्याला पंचावन्न लागली. दशमीला पुन्हा पळवलं, पुन्हा तेच. मला काय आनंद झाला! विक्रेत्याचं तोंड पहिल्यांदाच उतरलं होतं. अर्ध्या किमतीचं मशीन दुपटीच्या मशीनला मागे टाकत होतं, आणि तेही माझ्या खाडीवर.

आता कोणी म्हणेल, उधाणाला जास्त वेळ लागतो हे तुला ठाऊक होतं की. ठाऊक होतं ना. मी त्रैराशिक मांडलं. जुन्या सर्व्हरला भांगात दीड तास, उधाणात साडेचार, म्हणजे तिप्पट. तर बत्तीसवाल्याला चाळीस मिनिटांचे दोन तास होतील, साडेसातला मेसेज जाईल. शहाण्णववाल्याला पंचावन्न मिनिटांचे पावणेतीन तास होतील, मेसेज सव्वाआठला जाईल, म्हणजे उशिरा. एवढं सरळ. अहवालाच्या पहिल्या पानावर मी ‘आपल्या स्वतःच्या पाण्यावर घेतलेली चाचणी’ असं लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. खरेदी समितीच्या बैठकीत मी अर्धा तास बोलले. साहेब शेवटपर्यंत शहाण्णववर अडून होते. मोठा आकडा म्हणजे मोठं काम ही समजूत सोडा, असं मी त्यांना सगळ्यांसमोर जरा जास्तच जोरात सुनावलं. समितीनं माझ्या बाजूनं कौल दिला.

कागद फिरले, सह्या झाल्या, गौरी-गणपती आटोपले आणि पौर्णिमा उलटून गेल्यावर मशीन आलं. भाद्रपदातला पितृपक्ष चालू होता. ते सगळे दिवस मी हवेत होते. सव्वासहाला गणित तयार, साडेसहाच्या आत गावोगाव मेसेज. सकाळी दूध आणायला जाताना मी वाडीतल्या नारळांनाही नमस्कार करायच्या बेतात असायची. दादाचा फोन आला. "बाय, तुजा मेसेज आता च्याच्या आदी येतो गो. बांदाव जायाच्या आदीच समजतंय." आमच्या घरात कौतुक असं तोंडावर करत नाहीत. मी फोन ठेवून ओट्याला टेकून थोडी रडले, हेही सांगून टाकते.

मग सर्वपित्री अमावास्या आली. भात पोटरीला आलं होतं, म्हणजे कणीस पोटात धरून उभं. घाटात दोन दिवस पाऊस कोसळत होता आणि वारा खाडीत घुसत होता. नव्या मशीनचं ते पहिलं मोठं उधाण. साडेपाचला माहिती आली, मी गणित सुरू केलं आणि चहा ठेवला. साडेसहाला बघितलं तर पडद्यावरची टक्केवारी जेमतेम वीस. बिघाड असेल म्हणून मी वायरी तपासल्या, एसी तपासला, सगळं ठीक. साडेसात वाजले. पंचेचाळीस टक्के. मशीन काम करत होतं, फक्त रांगत होतं.

आठ वाजले तेव्हा मी फोन हातात घेतला होता. दादाला एवढंच सांगायचं होतं की आज उशीर होतोय, तू आपला बांधावर जा. मी फोन केला नाही. आमच्या संस्थेचा एक नियम होता, आकडा नाही तर फोन नाही. पूर्वी एकदा साहेबांनी अंदाजानं तीन गावांना फोन केले होते, पाणी काही आलं नाही, माणसांचा दिवस फुकट गेला, म्हणून तो नियम मीच करून घेतला होता. नियम आहे म्हणून, असं मी स्वतःला सांगत होते. खरी गोष्ट अशी की माझं मशीन मागे पडलंय हे मला तोंडानं बोलायचं नव्हतं. पाच महिने मी त्या मशीनची वकिली केली होती. दादाचाही फोन आला नाही. नऊला मी देवाला हात जोडले आणि नऊ वाजून पन्नास मिनिटांनी आकडा आला. आमच्या बांधावरून एक वीत पाणी जाणार.

मेसेज दहाला पाच कमी असताना गेला. साडेबाराची भरती. माणसं धावली, पण अडीच तासांत अर्ध्याच बांधावर गोणी चढल्या. एक वाजता उघाडीच्या दक्षिणेला खांड गेली आणि खाडी आमच्या भातात शिरली. दादाच्या शेतात पाणी दोन दिवस उभं होतं. त्याच्या शेजारच्या सात घरांच्या शेतातही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं. मला वाटलं आता खरडपट्टी निघणार, आणि निघायलाच हवी होती. साहेब अतिशय मऊ आवाजात म्हणाले, "मॅडम, अहवालात लिहा की वाऱ्यापावसाची माहिती उशिरा आली. कोण तपासणार आहे?" मी म्हणाले, माहिती वेळेवर आली होती. ते म्हणाले, "तुमच्याच नावावर का घेता? मशीन नवीन आहे, खरेदी नवीन आहे, समितीत आपण सगळेच आहोत." म्हणजे आठ घरांची जमीन खारट झाली आणि यांना काळजी खरेदीची. मी काही न लिहिता उठले. पण तेव्हा मला स्वतःलाही माहीत नव्हतं की लिहायचं तरी काय. माझी चाचणी चोख होती. दोन दिवस, दोन वेळा, आपलं पाणी, आपलं गणित. मग चुकलं कुठे?

ते कळलं नवरात्रातल्या अष्टमीला. खांड बुजवायचं काम चालू होतं म्हणून मी सुट्टी टाकून गावी गेले. बांधावर पंचवीस-तीस माणसं चिखलाची पाटी हातोहात देत होती, वहिनीही होती. पाणी दूर खाली निपचित पडलेलं. मी म्हटलं, काम झपाट्यानं होतंय रे. दादा चिखल चोपत म्हणाला, "भांगाचे दिसात बांद घालाला काय लागतंय? ल्हान पोर पन घालंल. उधानात टिकतंय का नाय, त्याव सगला."

मी पाटी हातात धरून जागच्या जागी थबकले. वैशाखातली नवमी. विक्रेत्यानं कधी आणू विचारलं तेव्हा मी भांग सांगितला होता. मी खारेपाटात जन्मलेली, उघाडीवाल्याची मुलगी, मी दोन प्रोसेसरांची परीक्षा निपचित पाण्यावर घेतली होती. मुंबईहून आलेल्या माणसाच्या हातून ही चूक झाली नसती. त्याला भांग माहीतच नसता, त्यानं मिळेल तो दिवस धरला असता, निदान अर्धी शक्यता तरी जोराच्या पाण्याची होती. मी मात्र घरची शिस्त पाळून, बरोबर तिथी शोधून, नेमकी ती चूक केली.

पुढचं सगळं मला बांधावरच उलगडलं. प्रोसेसरच्या पोटात थोडी जवळची मेमरी असते, ओट्यावर हाताशी ठेवलेल्या डब्यांसारखी. भांगात खाडीचं पाणी पात्रातच असतं, त्याचे आकडे त्या जवळच्या मेमरीत मावतात आणि चपळ हातांचं काम झरझर होतं. उधाणात पाणी खाजणात, म्हणजे काठच्या दलदलीत, पसरतं, बांधावर चढतं, शेतात शिरतं, आकडे कितीतरी पटीनं वाढतात. मग उरलेले आकडे लांबच्या मेमरीत जातात, आणि बत्तीस हात कितीही चपळ असले तरी प्रत्येक वेळी माळ्यावर चढून डबा काढावा लागतो. शहाण्णववाल्याकडे जवळची जागाही जास्त आणि माळ्यावर जायचे जिनेही जास्त. भांगात त्याचे निम्मे हात रिकामे बसले होते, म्हणून तो मंद दिसला. जुन्या सर्व्हरवरून मांडलेलं माझं त्रैराशिक दोघांपैकी एकालाही लागू नव्हतं.

दसऱ्याच्या दिवशी ऑफिसात सर्व्हरची पूजा होती. मशीनला झेंडूची माळ, पुढे पेढे, साहेब धोतरात. ते बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आठ घरांना बुडवणाऱ्या डब्याला माळ घालता? पण डबा बिचारा काय करणार, त्याची निवड करणारी तिथेच पेढा हातात घेऊन उभी होती. मी त्याच दिवशी विक्रेत्याला फोन केला की शहाण्णववालं मशीन मला पुन्हा दोन दिवस हवंय. तो म्हणाला, "मॅडम, अब तो आपने ले लिया ना?" मी त्याला सगळं खरं सांगितलं. त्यानं उद्या पाठवतो म्हटलं, आणि पाठवलं. त्या माणसाबद्दल मी वर जे बोलले त्यातलं थोडं मागे घेते.

सर्वपित्रीच्या सकाळची सगळी माहिती साठवलेली होती. ती शहाण्णववाल्याला दिली आणि घड्याळ लावून समोर खुर्ची टाकून बसले. एक तास चाळीस मिनिटं. साडेपाचला सुरू केलं असतं तर सात वाजून दहा मिनिटांनी आकडा हातात आला असता. पाच तासांहून जास्त वेळ मिळाला असता बांधाला.

मी साहेबांच्या टेबलावर दोन्ही आकडे ठेवले. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, आणि त्यांचा चेहरा खुलला. "मी म्हणालोच होतो!" मला वाटतं माझा आवाज शेजारच्या कॉटेजात गेला असेल. "तुम्ही म्हणाला होतात कारण आकडा मोठा होता! तुम्ही काही मोजलं नव्हतं!" साहेब शांतपणे म्हणाले, "पण बरोबर निघालं ना?" न मोजता बरोबर निघालेल्या माणसासारखा संताप जगात दुसऱ्या कशाचा येत नाही. मग त्यांनी हे पण सांगितलं की खरेदी बंद झालेली आहे, दुसरं मशीन पुढच्या वर्षी बघू, आणि हा कागद फाइलला लावायची काही गरज नाही. मी तो त्यांच्यासमोरच समितीच्या प्रत्येक माणसाला पाठवला. चाचणीची तिथी चुकली, तिथी मी निवडली, असं त्यात स्वच्छ लिहिलं. साहेब चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पण समितीला कळून काय होणार होतं? कोजागिरी दोन दिवसांवर आली होती. पौर्णिमा म्हणजे पुन्हा उधाण, मशीन तेच, खांडीवरचा चिखल अजून ओला. मी एसटीनं गावी गेले. दादा उघाडीपाशी बसून फळ्यांच्या फटींत चिंध्या ठोकत होता. पलीकडे त्याचं भात पिवळं पडून जागच्या जागी उभं होतं, कणीस पोटातच करपलेलं. मी बसले नाही. बसले असते तर बोलता आलं नसतं.

"दादा, परवा माझ्या मेसेजची वाट बघू नकोस. उशिरा येईल. त्या दिवशीही माझ्यामुळेच उशीर झाला. मशीन निवडताना मी भांगातल्या पाण्यावर तपासलं."

मला वाटलं तो चिडेल. वडील असते तर हातातला हातोडा फेकला असता. दादानं ठोकायचं थांबवलं, फळीवर हात ठेवला आणि खाडीकडे बघत राहिला.

"त्या दिशी सात वाजल्यापासून सगली मानसा उबी होती इथं," तो म्हणाला. "गोनी भरून. वारा बगून म्हातारी मानसा बोलत होती, चला लावाला घेऊ. मीच बोल्लू, थांबा, बायचा मेसेज येऊं दे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"दुसऱ्या कुनाचा मेसेज असता, तं मी थांबलू नस्तू."